एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

बोगना वीलचेक घराला कुलूप लावल्यावर अर्ध्या जिन्यातून परत फिरायची आणि ते ओढून बघायची. गॅसची बटणं ती तीनदा बघायची. ही सवय तिला नवव्या वर्षी लागली. तिचे बाबा तेव्हा शिकागोला छपरं घालायच्या कामावर सहा महिन्यांसाठी म्हणून गेले होते, आणि अकरा वर्षं झाली तरी आले नव्हते. पोलंडमधल्या त्यांच्या नोव्ही सोंच गावात असे बाप गल्लोगल्ली होते, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. आईने रडारड केली नाही. तिने फक्त एक वाक्य धरून ठेवलं. दूध उतू गेलं, बसचा पास हरवला, की ती म्हणायची, "बापावर जाऊ नकोस." पोरीने ते इतकं मनावर घेतलं की ती वीस वर्षांची होईपर्यंत तिच्या हातून काही सांडलं नाही, काही हरवलं नाही. तिच्या नेटकेपणाचा मास्तरांनासुद्धा कंटाळा यायचा.

यागोदा पीरेक त्याच इमारतीत, एक मजला खाली राहायची. दोघी चार वर्षांच्या असल्यापासूनच्या मैत्रिणी. यागोदा कुलूप लावायला विसरायची, आणि चोर आला असता तरी तिच्याशी गप्पा मारून, चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला असता, अशी ती गोड. इंग्रजी तर असं फाडफाड, की कॉलेजात तिला आणि परदेशी पाहुण्यांना एकत्र सोडून प्राध्यापक निवांत सिगारेट ओढायला जायचे. "हो गं, झालं," हे तिचं पालुपद. निबंध लिहिलास? हो गं, झालं. तिकिटं काढलीस? हो गं, झालं. निम्म्या वेळा काहीही झालेलं नसायचं, आणि ते बोगना गुपचूप उरकून टाकायची. याला दोघी मैत्री म्हणायच्या.

अमेरिकेतल्या कॅम्पवर जायचं खूळ यागोदाचंच.

"नऊ आठवडे श्रीमंतांच्या पोरी सांभाळायच्या," ती म्हणाली, "आणि मग त्याच व्हिसावर महिनाभर उंडारायला मोकळ्या! बोगूश, अगं शिकागो! तुझे बाबा!"

बोगनाला कॅम्पचं काही देणंघेणं नव्हतं. तिला तो शेवटचा महिना हवा होता. तिने बाबांना पत्र टाकलं. दोन ओळींचं कार्ड आलं: सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी घरी असेन, ये. खाली आर्चर अव्हेन्यूवरचा पत्ता. ते कार्ड तिने पासपोर्टात ठेवलं. बॅगेच्या तळाशी, पावसाळी बुटाच्या आत, वाळवलेल्या रानअळंब्यांची माळ लपवली. अळंबी कुठली खायची नि कुठली नाही हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, आणि ते सोडून त्यांनी शिकवलेलं दुसरं काही तिला आठवत नव्हतं. एजन्सीच्या कागदावर जाड अक्षरांत छापलेलं वाक्य तिने पाच वेळा वाचलं: कामावरून काढलं तर व्हिसा त्याच दिवशी संपला, मिळेल त्या पहिल्या विमानाने परत. यागोदाने सही न वाचताच ठोकली.

कॅम्पचं नाव विनेसूका. तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतलं वाटावं म्हणून डायरेक्टरबाईंच्या सासऱ्याने जेवता जेवता रचलेलं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातलं तळं, भोवती पाइनची झाडं, बावीस लाकडी खोल्या आणि दोनशे मुली. यागोदाला पाच नंबरच्या खोलीतल्या आठ वर्षांच्या आठ मुली मिळाल्या. आठवड्याभरात त्या तिच्यासारखी वेणी घालायला लागल्या. बोगनाचं इंग्रजी लंगडं, पण ती माशासारखी पोहायची आणि तिच्याकडे जीवरक्षकाचा दाखला होता, म्हणून तिला पाण्यावर लावलं. तिच्या ताब्यात बिल्ल्यांची फळी आली.

ही फळी म्हणजे त्या कॅम्पचा देव्हारा. धक्क्याच्या तोंडाशी उभी केलेली, दोनशे खिळे ठोकलेली. प्रत्येक मुलीचा एक गोल लाकडी बिल्ला, त्यावर नंबर, एक बाजू पांढरी, एक लाल. पाण्यात उतरताना मुलीने स्वतः लाल करायचा, बाहेर येताना स्वतः पांढरा. काउन्सेलर, म्हणजे खोलीतल्या पोरी सांभाळणारी ताई, एखाद्या मुलीला मध्येच घेऊन गेली, तर बिल्ल्याची जबाबदारी त्या काउन्सेलरची. फळीवरच्या गार्डने मात्र ते फिरवताना डोळ्यांनी बघायचं. ऐकायचं नाही, बघायचं. दर दहा मिनिटांनी शिट्टी, मग पोरींनी जोड्या करून हात वर करायचे आणि गार्डने मोजायचं. हात कमी आणि फळीवर लाल जास्त, तर एक क्षणही विचार करत बसायचं नाही. तीन लांब शिट्ट्या. भोंगा. ज्याच्या पायात चप्पल असेल त्याने चप्पल टाकून पाण्यात.

गॅस तीनदा बघणाऱ्या पोरीला दुसरं काय हवं होतं? सात आठवडे तिने ती फळी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. "मिस बोगना मला झोपेत पण मोजते," असं पोरी म्हणायच्या.

आठव्या आठवड्यात रंगयुद्ध आलं. ज्याने ते बघितलं नाही त्याला सांगून पटायचं नाही. चार दिवसांसाठी सगळा कॅम्प उभा चिरायचा, अर्धा निळा, अर्धा लाल. सख्ख्या बहिणी एकमेकींशी बोलायच्या बंद. दोरीखेच, होड्या, धावणं, आणि शेवटच्या संध्याकाळी तळ्याकाठी दोन्ही टोळ्यांनी स्वतः रचलेली गाणी. गाण्याला सगळ्यात जास्त गुण. म्हणून गाणं गुप्त. तालमी गुप्त. कोण गाणार तेही गुप्त. पोरी करंगळीत करंगळी अडकवून शपथ घ्यायच्या, आणि घरी आईबापांना सरसकट थापा मारणाऱ्या त्या पोरी ही शपथ मात्र मरेतो मोडायच्या नाहीत. पोहण्याच्या तासाला युद्ध थांबलेलं असायचं. त्या तासात तालीम घेतली तर टोळी बाद आणि कप्तानाची घरी रवानगी. सुरक्षेचा तास आहे, खेळायचा नाही, असं डायरेक्टर मिसेस ऑल्डरिच दर सकाळी बजावायच्या.

निळ्यांची कप्तान यागोदा झाली. बाहेरदेशच्या मुलीला तो मान आजवर मिळाला नव्हता. ती दोन रात्री झोपली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता तळं पोरींनी गजबजलेलं होतं. एक लठ्ठशी पोर दोरीला धरून खोकत होती, बोगनाची नजर तिच्यावर. मागून यागोदाचा आवाज आला.

"बोगूश, माझी एक घेऊन जाते गं. पोटात दुखतंय तिच्या."

"बिल्ला?" बोगनाने मान न वळवता विचारलं.

"हो गं, झालं. फिरवला."

बोगनाने मान वळवली नाही. दुसरी कोणी असती तर वळवली असती, परत बोलावलं असतं, खिळ्यापाशी उभं करून दाखव म्हटलं असतं. पण ती यागोदा होती. नियम मोडला तो इथे, आणि तो बोगनाने मोडला, हे आधीच सांगितलेलं बरं. सोळा वर्षांची सवय, दुसरं काय.

चार मिनिटांनी शिट्टीची वेळ झाली. हात वर झाले. एका ठिकाणी तिघींचा गट होता, कारण एकीची जोडीदारीण दवाखान्यात होती. त्या तिघींतले दोनच हात वर आले.

"टॅलिया कुठे?"

"आत्ता इथेच होती," दोघी म्हणाल्या.

बोगनाने फळीकडे बघितलं. एक्केचाळीस, लाल. टॅलिया पाच नंबरच्या खोलीतली, यागोदाची. क्षणभर तिच्या मनात आलं, यागोदाने नेली ती हीच तर नसेल? पण नेलेलीचा बिल्ला फिरवलाय म्हणाली होती ती. म्हणजे ती दुसरी. हा लाल आहे, म्हणजे ही पाण्यात आहे. मैत्रिणीच्या शब्दावर तिने एवढा हिशेब केला आणि तीन शिट्ट्या फुंकल्या.

भोंगा वाजला. पोरी किंचाळत बाहेर आल्या, त्यांना रांगेने जेवणघराकडे पिटाळलं. आचारी, माळी, नर्स, काउन्सेलर सगळे धावत आले आणि कोपरात कोपर अडकवून पाण्यात उतरले. पन्नास माणसांची साखळी. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत पाणी. पायांनी तळ चाचपडत एकेक पाऊल पुढे. त्या चालण्यात प्रत्येक जण मनातून एकच प्रार्थना करतो, की माझ्या पायाला लागू नये. बोगनाच्या पायाला शेवाळ लागलं, ओंडका लागला, आणि दर वेळी तिने ते पायाने पुन्हा चाचपून बघितलं.

तिच्या उजव्या कोपरात कोणीतरी कोपर अडकवलं. यागोदा. धापा टाकत आलेली.

"कोण आहे? कोण बुडालं?"

"एक्केचाळीस. टॅलिया."

यागोदाचा हात ताठ झाला. बोगनाला ते कोपरातून कळलं.

"यागोदा, तू नेलीस ती कोण होती?"

साखळी दोन पावलं पुढे गेली.

"दुसरी," यागोदा म्हणाली. "दुसरी होती."

आणि ती चालत राहिली! पाण्यात कोणी नाही हे पन्नास जणांत एकटीला ठाऊक असून ती पायाने तळ चाचपडत राहिली. शेजारी आचारीबाई देवाचं नाव घेत रडत होती, तरी तिचं तोंड उघडलं नाही. दोरीपर्यंत जाऊन साखळी वळली, तेव्हा ती म्हणाली, "मी वर बघून येते, खोल्यांत," आणि हात सोडवून काठाकडे गेली.

दहा मिनिटांनी ती डोंगराच्या पायवाटेवरून ओरडत आली, "सापडली! सापडली!" कडेवर टॅलिया, टॉवेलात गुंडाळलेली. नाटकाच्या कपड्यांच्या माळ्यावर लपून बसली होती म्हणे. पाण्यातली माणसं जिथल्या तिथे रडायला लागली. बागेतल्या माळ्याने यागोदाला मिठी मारली. मिसेस ऑल्डरिच वाळूत गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी तिचा हात कपाळाला लावला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसा काखेत मारणारीच गावाला वळसा घालून कळसा सापडल्याची दवंडी पिटत होती.

बोगना ओल्या अंगाने फळीपाशी आली. भोंगा वाजल्यावर फळीला कोणी हात लावत नाही, तोही नियमच. पाच नंबरच्या खोलीचे आठ खिळे. आठही लाल. दुसरी कोणी नव्हतीच. टॅलियाच्या गालावर निळ्या रंगाचे सुकलेले पट्टे होते, तालमीत लावतात तसे.

"माळ्यावर कशी गेलीस गं तू?" मिसेस ऑल्डरिचनी तिला विचारलं. "कोणी नेलं?"

टॅलियाने यागोदाकडे बघितलं. कोणीही आलं तरी बाहेर यायचं नाही, लाल टोळीचे हेर असतात, असं तिला बजावलेलं होतं. त्यात भोंग्याने ती पुरती घाबरलेली.

"मी एकटीच गेले," ती म्हणाली आणि करंगळी मुठीत लपवली.

संध्याकाळी ऑफिसात बोलावणं आलं. बोगनाचं इंग्रजी कच्चं, म्हणून बोलणं समजावून सांगायला मिसेस ऑल्डरिचनी कोणाला बोलवावं? यागोदाला. ती कोरडे कपडे घालून, वेणी नीट करून आली.

मिसेस ऑल्डरिच वाईट बाई नव्हत्या. त्यांनी आधी पाणी विचारलं, मग सावकाश म्हणाल्या, "हिला सांग, मला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. एखाद्या काउन्सेलरने त्या मुलीला नेलं असेल, तर बिल्ला त्या काउन्सेलरने बघायचा होता. मग बोगनाला मी समज देऊन सोडीन. पण मुलगी एकटी हिच्या समोरून गेली असेल, तर मला हिला ठेवता येणार नाही. कोणी नेलं होतं का तिला?"

यागोदाने ते सगळं पोलिशमध्ये सांगितलं, शब्द न शब्द. एकही शब्द चुकवला नाही.

"तू सांग," बोगना पोलिशमध्ये म्हणाली. "मी चुगली करणार नाही. मी बघितलं नाही ही माझी चूक, ती मी कबूल करते. पण नेलं कोणी ते तुझ्या तोंडाने सांग. यागोदा, सप्टेंबरचा पहिला रविवार आहे गं. तुला माहितेय. सांग तिला."

"काय म्हणतेय?" मिसेस ऑल्डरिचनी विचारलं.

यागोदाने डोळे पुसले. "ती म्हणतेय, चूक तिची आहे. तिला फार वाईट वाटतंय. सॉरी म्हणतेय."

तेवढं इंग्रजी बोगनाला येत होतं. ती ताडकन उभी राहिली.

"नाही सॉरी!" ती ओरडली. "मी नाही सॉरी! यागोदा नेली! यागोदा!"

मिसेस ऑल्डरिचचा चेहरा बदलला. जिने मूल शोधून आणलं तिच्यावरच ही पोर बोट रोखतेय, असं त्यांना दिसलं. त्यांनी यागोदाकडे बघितलं.

"तिच्यावर रागावू नका," यागोदा हळू आवाजात म्हणाली. "ती घाबरलीय. आम्ही चार वर्षांच्या असल्यापासून मैत्रिणी आहोत."

मिसेस ऑल्डरिचनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. विमान दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळालं.

सकाळी बोगना बॅग भरत होती तेव्हा यागोदा दारात आली. आत आली नाही.

"बोगूश, ऐक तरी. मी बोलले असते तर पोहण्याच्या तासाला तालीम घेतली म्हणून मलाही काढलं असतं. निळ्या पोरींचं सगळं बुडालं असतं. दोघी गेलो असतो. त्यात काय फायदा होता?"

"मी राहिले असते," बोगना म्हणाली. "बाई स्वतः म्हणाली. तूच मला सांगितलंस."

"ते म्हणतात तसं करतात थोडंच!"

"पाण्यात तू माझ्या हातात हात घालून चालत होतीस."

यागोदा रडायला लागली. रडताना ती चांगली दिसायची, हे बोगनाच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

"मी जाते ना शिकागोला," ती हुंदके देत म्हणाली. "तुझ्याऐवजी मी जाते. तुझ्या बाबांना भेटते, सगळं सांगते. पत्ता दे. आईशप्पथ जाते."

तिच्या थोबाडीत द्यायची होती. दार लावून घ्यायचं होतं. पण बोगनाच्या हातात तो पावसाळी बूट होता, आणि बुटात ती माळ. विमानतळावर फेकून द्यायची? परत नेऊन आईच्या टेबलावर ठेवायची? अकरा वर्षांत एकदाच त्या माणसाने 'ये' म्हटलं होतं, आणि असा व्हिसा तिला पुन्हा मिळणार नव्हता. तिने माळ काढून यागोदाच्या हातात दिली. मग पासपोर्टातलं कार्ड दिलं.

"सगळं सांगशील?"

"हो गं."

पुढे कितीतरी दिवस बोगनाला यागोदाचा राग आला, पण स्वतःच्या त्या दोन हातांचा त्याहून जास्त आला.

आईला तिने सांगितलं, कॅम्प लवकर संपला. आईने तिची बॅग उचलून आत नेली. गावात बटाटे काढायचे दिवस आले. निळ्यांनी रंगयुद्ध जिंकल्याचं यागोदाच्या आईने जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला सांगितलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पत्र आलं. पानभर. एवढं बाबांनी कधीच लिहिलं नव्हतं. बोगनाने ते स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं.

"बोगना, तुझी मैत्रीण रविवारी आली. काय गुणी पोर आहे! आल्या आल्या बाह्या सरसावून तिने त्या अळंब्यांचं सूप केलं. आम्ही तीन तीन वाट्या खाल्लं. अकरा वर्षांत या घरात इतकं हसू झालं नव्हतं. मग तुझं विचारलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. सांगत नव्हती, मीच खोदून काढलं. पाण्यावर तुझी नोकरी होती, तुझं लक्ष नव्हतं, एक पोर निसटली आणि तू बघितलं नाहीस. तिनेच ती शोधून काढली म्हणे, आणि तू मात्र तिच्यावरच आळ घेतलास, तरी ती तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलली नाही. मी तुला रागावत नाही. मी कोण रागावणारा? कोणाकडे शेवटपर्यंत लक्ष ठेवणं मलाही कधी जमलं नाही. तुझी आई तुला सांगत असेलच. आपल्या रक्तातच ते नाही. तू माझ्यावर गेलीस, पोरी. खरं सांगू, हे ऐकून मला बरंच वाटलं. आता पुन्हा एवढ्या लांब यायच्या फंदात पडू नकोस, आपण दोघं पत्रांतूनच बरे. आणि अशी मैत्रीण जप."

आई टेबलाशी बसून बटाटे सोलत होती. तिने सुरी थांबवली नाही.

"काय म्हणतो?"

"अळंबी पोचली म्हणतो."

"आणि तुझ्याबद्दल?"

जिन्यातून यागोदाचं हसणं वर येत होतं, काल रात्रीच ती परत आली होती. बोगनाने पत्राची घडी केली, परत एक घडी केली. मग शेगडीपाशी जाऊन गॅसची बटणं बघितली. चारही बंद होती. तिने पुन्हा बघितली.

"काही नाही," ती म्हणाली, आणि तिसऱ्यांदा बघायला वाकली.